वारा उत्तरेचा, स्क्रीनवर मात्र दक्षिणेचा: सरासरीचा घोळ

गच्चीवाला

मंडळी, जूनपासून आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, एक घरगुती हवामान केंद्र उभं आहे. वेगासाठी गरगरणाऱ्या तीन वाट्या, दिशेसाठी बाण, एक पर्जन्यमापक आणि खाली प्लॅस्टिकच्या डब्यात छोटा बोर्ड. दर दोन सेकंदांनी नोंद, आणि दर दहा मिनिटांची सरासरी मोबाइलवर. ‘ही अँटेना कशाची?’ या प्रश्नावर सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाऊण तास गेला, तो विषय वेगळा.

पावसाळाभर सगळं झकास चाललं. पश्चिम, पश्चिम, नैऋत्य, परत पश्चिम. मी खूश. दिवाळीनंतर गार वारं सुटलं आणि गडबड सुरू झाली. गेल्या रविवारी सकाळी सातला लेक गच्चीवर गेली (आठवीत आहे, हे केंद्र कागदोपत्री तिच्याच प्रोजेक्टचं) आणि खाली येऊन म्हणाली, “बाबा, बाण वेताळ टेकडीकडे तोंड करून उभाय आणि तुझा मोबाइल म्हणतोय वारा सिंहगडाकडून येतोय.”

वर जाऊन पाहिलं. बाण टेकडीकडेच, म्हणजे उत्तरेकडे (वारा जिकडून येतो तिकडे बाणाचं तोंड असतं). डावी-उजवीकडे थोडा हलतोय, बाकी काही नाही. स्क्रीनवर मात्र १६८ अंश, दक्षिण (उत्तर ०, पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०). आधी वाटलं बाण उलटा बसवला. मग होकायंत्र आणलं, वायर बदलली, एक सांधा पुन्हा सोल्डर केला. शेवटी कच्च्या नोंदी उघडल्या. माझा बाण सोळाच दिशा ओळखतो, २२.५ अंशांच्या टप्प्याने. ओळीने पंधरा नोंदी घेतल्या. सात वेळा ३३७.५, सात वेळा २२.५ आणि एकदा ०. बेरीज २५२०, भागिले १५, बरोबर १६८. म्हणजे यंत्राने काहीच चुकवलेलं नाही, चुकलं माझं गणित. सगळ्या नोंदी उत्तरेच्या आसपासच्या आणि सरासरी थेट दक्षिण!

तात्पुरता उपाय म्हणून ३०० च्या वरच्या आकड्यातून ३६० वजा केले. उत्तर सुधारली. हे बरोबर आहे का? आणि पाच महिने ही चूक दिसली कशी नाही?

सदाशिवपेठी

शेजारचं कुत्रं रात्री २३:५० ला भुंकलं, परत ००:१० ला भुंकलं. सरासरी काढा. दुपारचे बारा. आता दुपारी बाराला जाऊन शेजाऱ्याशी भांडा.

गच्चीवाला

@सदाशिवपेठी 😄 लेकीला हेच उदाहरण सांगितलं. लगेच कळलं तिला.

टेकडीवरची

दादा, पाच महिने दिसली नाही कारण पुण्याचा पावसाळी वारा पश्चिमेचा. २७० च्या आजूबाजूला बाण कितीही हलला तरी २४७ ते २९२ मध्येच राहतो, ३६० ची वेस (जिथे ३६० संपून पुन्हा ० सुरू होतो) ओलांडत नाही. तिथे साधी सरासरी चालून जाते. तुमचं केंद्र मुंबई-नागपूर कुठेही असतं तरी चूक होतीच, फक्त वारा वेशीवर यायची वाट बघत होती.

तुमचा ३०० वाला उपाय काढून टाका. तुम्ही ती वेस उत्तरेवरून उचलून वायव्येला नेलीत, बाकी काही नाही. वायव्येचा वारा आला आणि बाण २९२.५ आणि ३१५ मध्ये हलला, तर दुसरा आकडा होईल उणे ४५. सरासरी १२३.७५, म्हणजे पुन्हा आग्नेय. वळवाच्या पावसात तोंडघशी पडाल.

मी शाळेत गणित शिकवते. मुलांना हे सांगताना खडूने करून दाखवते, तुम्हीही लेकीला गच्चीच्या फरशीवर करून दाखवा. एका फरशीवर उभं राहायचं. प्रत्येक नोंदीला, बाण ज्या दिशेला तोंड करून आहे त्या दिशेला एक पाऊल टाकायचं. ३३७.५ असेल तर उत्तरेकडे जरा डावीकडे झुकून, २२.५ असेल तर उत्तरेकडे जरा उजवीकडे. डावं-उजवं एकमेकांना खाऊन टाकतं, उत्तर तेवढी साठत जाते. पंधरा पावलांनी तुम्ही जिथे पोचाल तिकडे सुरुवातीच्या फरशीवरून बोट दाखवा. ती सरासरी दिशा. अंशांची बेरीज कुठेच केली नाही.

कोडमध्ये लिहायचं तर प्रत्येक नोंदीचा साइन एका डब्यात साठवा (पूर्वेकडचा भाग), कोसाइन दुसऱ्या डब्यात (उत्तरेकडचा भाग), आणि शेवटी दोन बेरजांवरून कोन काढा. साधा टॅन-इन्व्हर्स वापरू नका, तो ईशान्य आणि नैऋत्य यांत फरक करत नाही, कारण दोन उण्यांचा भागाकार अधिकच येतो. एटॅन-टू वापरा, ते फंक्शन दोन्ही बेरजा वेगवेगळ्या घेतं आणि त्यांची चिन्हं बघतं. उत्तर उणं आलं तर ३६० मिळवा.

गच्चीवाला

ताई, एक नंबर! फरशीचा प्रयोग झाला. लेकीने पंधरा पावलं मोजून टाकली आणि पाण्याच्या टाकीला जाऊन धडकली, जी नेमकी उत्तरेला आहे.

पण आता नवीन भानगड. कोडमध्ये टाकण्याआधी त्याच पंधरा नोंदी एक्सेलमध्ये तपासल्या. उत्तर आलं ९०, पूर्व! दक्षिणेवरून पूर्वेला आलो, प्रगती आहे.

टेकडीवरची

एक्सेलचा एटॅन-टू आधी एक्स मागतो, मग वाय. बहुतेक प्रोग्रामिंग भाषा आधी वाय मागतात. तुम्ही कोडमधला क्रम तसाच एक्सेलमध्ये टाकलात. एक्सेलमध्ये आधी कोसाइनची बेरीज, मग साइनची. गंमत म्हणजे नेमका ईशान्येचा वारा असता तर उलट्या क्रमानेही ४५ च आलं असतं आणि तुम्ही निर्धास्त झाला असता. म्हणून तपासताना चारी मुख्य दिशा घालून बघाव्यात.

गच्चीवाला

उलटं केलं. ० आलं. चहा माझ्याकडून.

जुनी नोंदवही

धागा वाचून बरं वाटलं. माझी सगळी नोकरी वेधशाळांमध्ये गेली, शेवटची काही वर्षं पुण्यात, सिमला ऑफिसला. (नव्या पिढीसाठी: शिवाजीनगरच्या त्या इमारतीला सिमला ऑफिस म्हणतात, कारण हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून तिथे आलं. पुढे ते दिल्लीला गेलं, नाव मात्र बसथांब्यासकट इथेच राहिलं.)

आमच्या उमेदवारीच्या काळात वारा कागदावर नोंदवणारा डाइन्सचा अ‍ॅनिमोग्राफ होता. नळीतल्या हवेच्या दाबावर तरंगती टाकी वरखाली व्हायची आणि फिरत्या रुळावरच्या कागदावर शाईची रेघ उमटायची. रेघ कसली, गवताचा पट्टाच. वारा झोतांचा असला की रेघ इतकी वरखाली व्हायची की कागद निळा दिसायचा. त्या पट्ट्याच्या मधोमध नजरेने काल्पनिक रेघ ओढायची, तीच सरासरी. वरचं टोक म्हणजे झोत. दिशेच्या पट्ट्याचंही तसंच. ३५० आणि १० च्या मधे १८० आहे असं डोळ्याला कधी वाटलंच नाही, त्यामुळे तुमची ही अडचण आम्हाला आली नाही. यंत्राला आकडे कळतात, चक्र कळत नाही.

आता कामाच्या गोष्टी. जागतिक हवामान संघटनेच्या पद्धतीत नेहमीच्या नोंदीसाठी वाऱ्याची सरासरी दहा मिनिटांची, आणि झोत म्हणजे तीन सेकंदांच्या सरासरीतला सर्वांत मोठा आकडा. त्यासाठी सेकंदाला चार नोंदी घ्याव्यात अशी शिफारस आहे. तुमच्या दोन सेकंदांच्या नोंदीत सरासरी ठीक मिळेल, झोत निसटतील.

दुसरं, नोंदवहीत उत्तरेचा वारा ३६० लिहितात. ० म्हणजे वारा शांत. तुम्ही उत्तरेला ० लिहिता, पुढे कोणी वाचलं तर शांत समजून गोंधळेल.

तिसरं, आणि हे तुम्ही अजून पाहिलेलं दिसत नाही. रात्रीचा आलेख उघडा.

गच्चीवाला

काका, उघडला. रात्री अकरा ते पहाटे पाच, पश्चिम, २७० अंश, अगदी सरळ रेघ. मला वाटलं रात्रीचा वारा किती स्थिर असतो!

जुनी नोंदवही

त्याच वेळचा वेग बघा.

गच्चीवाला

शून्य. 🤦

जुनी नोंदवही

हिवाळ्यात पुण्यात रात्री जमीन लवकर थंड होते, खालची हवा जड होऊन बसून राहते. संध्याकाळचा शेवटचा पश्चिमेचा झुळका बाणाला जिथे सोडून गेला तिथेच तो रात्रभर उभा. ती वाऱ्याची दिशा नव्हे, बाणाची झोप आहे. वेग ठरावीक मर्यादेखाली असेल तेव्हा ती दिशा सरासरीत घेऊच नका, ‘शांत’ लिहा. नाहीतर वर्षअखेरीस दिशांचा आलेख (फुलासारखा, दिशेगणिक एक पाकळी) काढाल तेव्हा पश्चिमेची पाकळी फुगून बसलेली दिसेल आणि त्यातला निम्मा वारा कधी वाहिलेलाच नसेल.

सोल्डरवाला

तुमच्या वर्णनावरून तो वाट्या-बाणाचा स्वस्त संच दिसतोय, वाट्यांचा स्विच सेकंदाला एकदा मिटला तर ताशी २.४ किमी. माझ्याकडेही तोच आहे, म्हणून दोन सूचना.

त्या बाणाखाली चुंबक आहे आणि गोलात आठ रीड स्विच (चुंबक जवळ आला की मिटणारे), प्रत्येकाला वेगळा रेझिस्टर, म्हणून दिशेगणिक बोर्डाला वेगळं व्होल्टेज दिसतं. चुंबक दोन स्विचांच्या मधे आला की दोन्ही मिटतात, म्हणून आठाच्या सोळा दिशा होतात. पण रेझिस्टर दिशेच्या क्रमाने चढत जात नाहीत. उत्तरेला ३३ किलोओम, ईशान्येला ८.२, नैऋत्येला १६. नोंदींतली थरथर कमी करावी म्हणून मी सुरुवातीला व्होल्टेजचीच सरासरी काढायचो. पाच व्होल्ट आणि जोडीला दहा किलोओम धरला तर उत्तरेचे ३.८४ व्होल्ट, ईशान्येचे २.२५. सरासरी साधारण ३.०५. तक्त्यात सर्वांत जवळ कोण? नैऋत्य, ३.०८. उत्तर अधिक ईशान्य बरोबर नैऋत्य! तेव्हा आधी प्रत्येक व्होल्टेजची दिशा करा, मगच पुढचं गणित.

दुसरं, वाट्यांचा स्विच मिटताना थरथरतो आणि एका ठोक्याचे दोन-तीन ठोके मोजले जातात. शांत दुपारी अचानक ताशी ९० चा झोत दिसला तर तो वारा नव्हे, स्विच. दहा मिलिसेकंदांच्या आत आलेला दुसरा ठोका सोडून द्या. ताशी १०० किमीच्या वाऱ्यातही ठोक्यांमध्ये २४ मिलिसेकंद असतात, त्यामुळे खरा ठोका गमावणार नाही.

वेगाच्या सरासरीला मात्र काहीच डोकं लागत नाही. दहा मिनिटांचे सगळे ठोके मोजा. २५०० ठोके झाले तर ताशी १० किमी. वाट्या स्वतःच सरासरी काढत असतात.

पवनचक्कीवाला

वेगाच्या सरासरीला डोकं लागत नाही हे वाचून राहवलं नाही. मी चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांवर काही वर्षं काम केलंय. आमचं पोट वाऱ्याच्या सरासरीवर नाही, त्याच्या घनावर चालतं. अर्धा वेळ सेकंदाला ५ मीटर आणि अर्धा वेळ १५ मीटर वाहिला तर सरासरी १०, घन १०००. पण घनांची सरासरी काढा: १२५ आणि ३३७५, म्हणजे १७५०. पाऊणपट जास्त ऊर्जा. सरासरी वेग सारखा असलेल्या दोन जागांपैकी एक नफ्यात आणि दुसरी तोट्यात जाऊ शकते. म्हणून नुसती सरासरी ठेवू नका, प्रमाण विचलनही (वेग सरासरीभोवती किती पसरतो तो आकडा) ठेवा.

आणि गच्चीवाले, तुम्ही आता वेगाचीही सदिश सरासरी (त्या पावलांसारखी, दिशा धरून) काढायला लागलात का? तसं असेल तर सांभाळून. पाच मिनिटं पूर्वेचा ताशी १० आणि पाच मिनिटं पश्चिमेचा ताशी १०. सदिश सरासरी शून्य. पण गच्चीवरच्या वाळत घातलेल्या चादरीला विचारा वारा होता की नाही.

टेकडीवरची

चादरीचं उदाहरण आवडलं. दोन्ही ठेवाव्यात असं माझं मत. पाऊलवाटेच्या भाषेत, एकूण किती पावलं टाकली ती वाऱ्याची साधी सरासरी, आणि सुरुवातीच्या फरशीपासून सरळ रेषेत किती लांब पोचलात ती सदिश सरासरी. दुसरीला पहिलीने भागलं की वारा किती एकमार्गी होता ते कळतं. ६०० पावलं टाकून ५४० पावलं दूर गेलात तर ०.९, पावसाळी पश्चिमवारा. ६०० टाकून ३० वर असाल तर एप्रिलची भर दुपार, धूळ जागच्या जागी गोल फिरतेय. तेव्हा सरासरी दिशा छापूच नये, कारण ती आकड्यांत असते, हवेत नसते.

पाऊल सगळ्यांचं सारखं ठेवायचं की वेगाएवढं लांब, हे तुम्ही ठरवा. वेगाएवढं ठेवलं तर झुळकीत भरकटणाऱ्या बाणाला आपोआप कमी मत मिळतं. मला तेच बरं वाटतं. धूर कुठे गेला हे शोधायचं असेल तर तेच हवं.

आणि दिशेच्या विचलनाचंही तसंच, अंशांवर थेट काढलं तर उत्तरेच्या वेशीवर पुन्हा आपटाल. यामार्टिनो यांनी १९८४ साली एक सूत्र दिलं, त्याला फक्त त्या साइन-कोसाइनच्या दोन सरासऱ्या लागतात. जुन्या नोंदयंत्रांत जागा नसायची, सगळ्या नोंदी साठवून दुसऱ्यांदा मोजणं परवडायचं नाही, त्यामुळे ते चांगलंच रुजलं. वारा चारी दिशांना सारखा विखुरला असेल तर त्यातून १०३.९ अंश येतात, आणि ३६० ला बाराच्या वर्गमुळाने भागलं तरी तेवढेच. मला ते पहिल्यांदा जुळलं तेव्हा फार आनंद झाला होता, इथे कोणाला होईल न होईल.

नवशिकी

मला झाला! एक प्रश्न. चक्रीवादळ आलं की आपलं हवामान खातं एक वेग सांगतं आणि परदेशी संकेतस्थळं जास्त सांगतात. आपल्याकडे कमी करून सांगतात का? ३ जून २०२० ला निसर्ग आलं तेव्हा आमच्या गल्लीत दोन झाडं पडली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर हाच वाद चालला होता.

जुनी नोंदवही

कोणी कमी करून सांगत नाही, बाई. आपल्याकडे चक्रीवादळाचा वेग तीन मिनिटांच्या सरासरीने सांगतात, अमेरिकेत एक मिनिटाच्या. जितका काळ लहान, तितकं शिखर उंच. क्रिकेटमध्ये एका षटकाचा सर्वोत्तम धावदर आणि दहा षटकांचा सर्वोत्तम धावदर सारखा कसा असेल? तेच वादळ, मोजायची पट्टी वेगळी. दोन आकडे शेजारी ठेवण्याआधी ‘किती मिनिटांचे’ हे विचारायचं. झाडं मात्र सरासरीने पडत नाहीत, झोताने पडतात.

धावपट्टी

लोहगावला लहानाचा मोठा झालो, त्यामुळे थोडी भर. विमान उतरताना वैमानिकाला दहा मिनिटांपूर्वीचा वारा सांगून उपयोग नाही, म्हणून टॉवरवरून दोन मिनिटांची सरासरी सांगतात. विमानतळाच्या नियमित बुलेटिनमध्ये मात्र दहा मिनिटांची, आणि झोत सरासरीपेक्षा निदान १० नॉटने (ताशी साधारण १८.५ किमीने) जास्त असेल तरच लिहायचा.

त्यात एक फार शहाणपणाची तरतूद आहे. वळीव येतो तेव्हा काय होतं आठवा. मरगळलेली हवा, मग एकदम पूर्वेकडून धुळीचा लोट. आता आधीची सहा मिनिटं मरगळ आणि नंतरची चार मिनिटं वादळ, यांची सरासरी काढली तर जो वारा येईल तो ना आधी होता ना नंतर. म्हणून दिशा ३० अंश किंवा त्याहून जास्त बदलली, आधी किंवा नंतर वेग १० नॉट असला आणि तो बदल निदान दोन मिनिटं टिकला, तर बदलाच्या आधीच्या नोंदी टाकून द्यायच्या आणि पुढच्यांचीच सरासरी सांगायची. नुसता वेग १० नॉटने बदलला तरी तसंच. गच्चीवाले, एप्रिलच्या आत हे कोडमध्ये घाला.

बाकी लोहगावची धावपट्टी १०-२८, म्हणजे १०० आणि २८० अंशांच्या आसपास, जवळजवळ पूर्व-पश्चिम. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा नाकावर घेऊन विमानं उतरतात.

सदाशिवपेठी

हे सगळं ठीक. मोबाइलचं अ‍ॅप म्हणतं ताशी ६, यांची गच्ची म्हणते १४. दोघांपैकी खोटं कोण बोलतंय?

जुनी नोंदवही

कोणीच नाही. वारा मोजायचा तो मोकळ्या जमिनीवर, दहा मीटर उंचीवर. जवळचा अडथळा त्याच्या उंचीच्या निदान दहापट लांब हवा. शेजारची इमारत वीस मीटरची असेल तर दोनशे मीटर मोकळं रान पाहिजे. कोथरूडमध्ये दोनशे मीटर मोकळं रान शोधून दाखवा, मी स्वतः येऊन खांब रोवतो. गच्चीच्या कठड्यावरून वारा दाबून वर चढतो तिथे वेग वाढतो आणि पाण्याच्या टाकीमागे भोवरे होतात. यांचा आकडा ‘यांच्या गच्चीवरचा वारा’ म्हणून खरा. पुण्याचा वारा म्हणून नाही.

गच्चीवाला

महिन्यानंतर धागा वर आणतोय. सगळ्यांचे आभार, बहुतेक सगळं केलं. नोंद आता सेकंदाला चारदा दिशेची, ठोके सतत. ताशी २ किमीच्या खाली दिशा गाळतो, उत्तरेला ३६० लिहितो. टाकीपासून खांब तीन मीटर लांब नेला (पुन्हा मीटिंग).

एक दुखणं उरलं. मी जुन्या कच्च्या नोंदी साठवल्याच नव्हत्या, फक्त दहा मिनिटांच्या सरासऱ्या. पावसाळ्याच्या वापरता येतात, कारण बाण वेशीपासून लांब होता. नोव्हेंबर-डिसेंबरच्या दिशा दुरुस्तच होत नाहीत. १६८ मागे काय होतं, उत्तर की खरोखर दक्षिण, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. पुसून टाकल्या. आता दिशेऐवजी पूर्वेकडची आणि उत्तरेकडची अशा दोन बेरजा साठवतो. तासाची, दिवसाची सरासरी हवी असेल तर त्याच मिळवायच्या. पहिल्याच दिवशी सहा दिशांची सरासरी काढून तासाची दिशा केली होती आणि लेकीनेच पकडलं, “बाबा, परत तेच करतोयस.”

संक्रांतीला दुपारी चारनंतर वेग शून्यावर गेला, दिशा मात्र मस्त हलत होती. स्विच गेला असं समजून रात्री बोर्ड उघडून बसलो. सकाळी लेक वर गेली आणि वाट्यांभोवती गुंडाळलेला वीतभर गुलाबी मांजा घेऊन आली.

सदाशिवपेठी

पतंगाचं काय झालं?

गच्चीवाला

टाकीमागे सापडला. तुमच्या त्या भोवऱ्यात, काका.